कळसूबाईस, शिर्डीहून

प्रति,
श्रीमती कळसूबाई,
मुक्काम शिखर, उंची १६४६ मीटर,
बारी गावाच्या डोक्यावर, ता. अकोले, जि. अहिल्यानगर.

विषय : आपल्या चढणीबाबत एका शिर्डीकराची तक्रार व काही नम्र सूचना.

बाई,

अर्जात ‘आपण’ लिहायची रीत आहे. पण आमच्याकडे देवीला कोणी ‘आपण’ म्हणत नाही, म्हणून इथून पुढे ‘तू’. राग मानू नकोस. तुझ्या रागाची गोष्ट मला ठाऊक आहे, तिच्याकडे नंतर येतोच.

मी तुझ्याच जिल्ह्यातला. तू पार पश्चिमेच्या टोकाला, आम्ही इकडे सपाटीवर. आमच्या गावात चढ असा तो फक्त लॉजच्या जिन्याला. जन्म गेला येणाऱ्या-जाणाऱ्या भाविकांत, त्यामुळे देवस्थान कसे चालवावे याची थोडी अक्कल आपल्याला आहे असा प्रत्येक शिर्डीकराचा समज असतो. आमच्याकडे रेल्वे येते, २०१७ पासून विमान उतरते, २०२२ च्या डिसेंबरात नागपूरहून समृद्धी महामार्ग येऊन टेकला. दर्शनबारी आहे, सशुल्क पास आहे, चपला-मोबाईल ठेवायची सोय आहे आणि दर्शन झाले की प्रसादालय. तुझ्याकडे काय, तर लोखंडी शिड्या. त्याही ओल्या.

भाच्याच्या ग्रुपबरोबर मी ऑगस्टातल्या एका शनिवारी मध्यरात्री बारीत उतरलो. वाहनतळावर मुंबई-पुण्याच्या मिनीबसची ही रांग. आमचे गाव आठवून मला जरा बरे वाटले. टपरीवाल्याला विचारले, वयस्कर माणसांना वेगळी लाइन आहे का? म्हणाला, “आहे ना. हळू चालायची.”

मग तीन-साडेतीन तास मी त्या लाइनीत होतो. भाताची खाचरे संपली आणि तू सुरू झालीस, ती संपेचनास. मधे एका टप्प्यावर मी अडीच हजारांच्या बुटांत धापा टाकत बसलो होतो, तेव्हा डोक्यावर पाण्याचा हंडा घेतलेली एक बाई साध्या स्लिपरवर माझ्या शेजारून वर गेली. वरच्या सरबताच्या दुकानासाठी पाणी नेत होती. जाता जाता म्हणाली, “दम खा मामा, घाई कुणालाय.” तक्रार अशी की अशा बायांना पर्यटकांदेखत एवढ्या सहज चढू देऊ नये. आमच्या मनोधैर्यावर परिणाम होतो.

शिड्यांवर कोंडी. वरचे उतरेनात, खालचे चढेनात आणि मधे एकजण फोन उंच धरून रील काढतोय. कुणाच्या तरी पाठीवरच्या स्पीकरवर गाणे लागलेले. १९८६ साली तुझ्या अवतीभवती अभयारण्य जाहीर झाले म्हणतात. प्राण्यांना अभय मिळाले असेल तर ते त्या रात्री शेजारच्या तालुक्यात गेले होते.

अखेर माथा आला आणि सूर्य उगवला, असे घड्याळावरून समजले. बाकी सगळे पांढरे. भाचा मोठ्या हौसेने बोट करून दाखवत होता : हा अलंग, हा मदन, हा कुलंग, तिकडे खाली भंडारदऱ्याचे पाणी, १९२६ चे विल्सन धरण. अंतरपाटापलीकडची नवरी न बघता आपण अक्षता टाकतो, तसा मी त्या त्या दिशेला हात जोडत गेलो. कुलंगला जरा जास्त वेळ जोडले. त्याच्या उत्तर अंगाला दारणा उगम पावते, तिचे पाणी तिच्यावरच्या धरणातून नांदूर मधमेश्वरला येते आणि तिथून कालव्याने आमच्या राहाता तालुक्यात. आवर्तन लांबले की आम्ही पाटबंधारे खात्याच्या नावाने बोटे मोडतो, पण ते पाणी कुठल्या कड्यावरून निघते ते बघायला कुणी आलेले नाही. मी आलो, तर तू ढगाचा पडदा पाडलास.

आता सूचना. एक रोपवे कर. देऊळ एवढेसे, आत दोन माणसे मावत नाहीत, ते मोठे कर. पास काढ, म्हणजे ज्याला घाई त्याला पुढे जाता येईल. ढगांचे वेळापत्रक खाली फळ्यावर लावत जा.

आणि ती जुनी गोष्ट आता सोडून दे. तू कोळ्याची पोर, रानात हिंडायची आवड. पायथ्याच्या एका घरी कामाला राहिलीस ती दोन अटींवर : केर काढणार नाही, भांडी घासणार नाही. एक दिवस पाहुणे आले आणि घरच्यांनी नेमकी तीच कामे सांगितली. तू मुकाट्याने केलीस आणि तडक डोंगर चढून गेलीस, ती खाली आलीच नाहीस.

बाई, पाहुणे पुन्हा आले आहेत. आता ते दर शनिवारी येतात आणि केर बरोबर घेऊनच येतात. पाण्याच्या बाटल्या, वेफर्सची पाकिटे, फाटलेले दहा-वीस रुपयांचे रेनकोट. वाऱ्याने ते उडून कड्यावरच्या कारवीला अडकतात आणि ढगात लांबून फुलांसारखे दिसतात. आमच्या ग्रुपनेही वर पोहे खाल्ले. रिकामे द्रोण आम्ही टाकले मात्र नाहीत. नीट एकात एक घालून दगडाखाली ठेवले. दगडाखाली ठेवणे म्हणजे टाकणे नव्हे, यावर परतीच्या बसमध्ये सगळ्यांचे एकमत झाले.

तू रागावशील याची भीती थोडी वाटली होती. पण भाचा शिकलेला आहे. त्याने समजावले की महाराष्ट्रात तुझ्याहून उंच जागा नाही, तेव्हा या खेपेला रागावून वर निघून जायला तुला काही उरलेलेच नाही. त्यावर आम्ही सगळे निर्धास्त झोपलो, ते थेट संगमनेरला चहाला उठलो.

कळावे,
पुढच्या पावसात पुन्हा येणारा,
एक शिर्डीकर

ता. क. : द्रोण अकरा होते. शेवटच्या शिडीजवळ, डाव्या हाताला, चपट्या दगडाखाली.