मालक कोण?

मीरा-भाईंदरच्या माणसाला सरहद्द काय असते हे कोणी शिकवायला नको. दहिसरचा टोल छोट्या गाड्यांना ऑक्टोबर २०२४ मध्ये माफ झाला. त्याआधी बोरिवलीच्या आत्याकडे जेवायला जायचं तरी आम्ही सुटे पैसे आणि पाण्याची बाटली घेऊन निघत असू. त्यामुळे 'गाडीने नेपाळला जातोय' म्हटल्यावर सोसायटीत घाबरलं कोणीच नाही. सल्ला मात्र घरटी एक आला. सेक्रेटरींच्या मते पासपोर्टशिवाय अटक होते. बी विंगचे काका म्हणाले, कार्ने लागतं. म्हणजे चर्चगेटची वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाईल असोसिएशन देते ते शिक्के मारायचं पुस्तक. गाडी तिकडे विकणार नाही, परत आणीन अशी जबर रकमेची हमी देऊन मिळतं. लंडनपर्यंत जायचं असतं तर काकांचं बरोबर होतं.

निकाल दिला गेटवरच्या दाजूंनी. ते मूळचे नेपाळातल्या पाल्प्याचे. व्हिजिटर्सच्या वहीतून मान वर न करता म्हणाले, "कुछ नहीं सर, सोनौली में भन्सार काट लेना." भन्सार म्हणजे नेपाळची कस्टमची पावती.

काशीमिऱ्याहून निघालो. गायमुखचा घाट पार होईपर्यंत घरून आणलेली चकली संपली. पुढचा नाशिक, इंदूर, झाशी, कानपूर, लखनौ, गोरखपूर असा सोळाशे-सतराशे किलोमीटरचा रस्ता मी एका वाक्यात उरकतो, कारण आईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, तो झोपेतच उरकला.

सोनौलीला ट्रकांची रांग गावाबाहेरून सुरू होते. तिच्या कडेकडेने कमानीखालून पलीकडे गेलं की बेलहिया, म्हणजे परदेश. १९५० च्या करारामुळे आपल्याला व्हिसा लागत नाही. मतदार ओळखपत्रं हातात धरून आम्ही छाती काढून चाललो होतो, पण ती बघायची इच्छा कोणी दाखवली नाही. सगळी चौकशी गाडीची. आरसी कुठाय, विमा कुठाय, लायसन्स कुठाय. आमच्या चौघांत परदेशी अशी ती एकटीच होती.

त्याला कारण आहे. नेपाळात मोटारीवर किमतीहूनही मोठा कर बसतो. भारतातली गाडी आत नेऊन तिथेच ठेवायची सोय झाली तर त्यांच्या खजिन्यात काय उरेल? म्हणून पाहुण्या गाडीला दिवस मोजून मिळतात, दिवसागणिक शुल्क पडतं आणि वर्षभरात सगळे मिळून तीसच दिवस राहता येतं. जावयालासुद्धा याहून जास्त मिळतात, असं मी बायकोला म्हणालो. ती म्हणाली, "ते शुल्क घेत नाहीत म्हणून."

भन्सारच्या खिडकीतल्या गृहस्थांनी आरसी उलटसुलट पाहिली. "मालिक कौन है?"

गाडी आईंच्या नावावर. पालिकेच्या शाळेतून निवृत्त झाल्या तेव्हा फंडातून घेतलेली; नंबर ठाण्याचा, एमएच ०४, कारण मीरा-भाईंदरचं एमएच ५८ नंतर आलं. इतकी वर्षं ती चालवतो मी, धुतो मी, पीयूसी काढतो मी. मालक बरोबर नसला तर त्याचं अधिकारपत्र लागतं, असं त्यांनी सांगितलं मात्र, आई मागच्या सीटवरून उतरल्या, पदर सारखा केला आणि खिडकीशी जाऊन उभ्या राहिल्या. "मैं है."

"कितने दिन?"

मी मनात आठवडा धरला होता. आईंनी पर्स उघडली, भारताच्या शंभराला नेपाळचे एकशे साठ हा ठरलेला भाव बोटांवर लावला आणि पाच दिवस सांगितले. आजचा धरून.

पावतीवर साल होतं २०८२. माझ्या विम्याची मुदत मार्च २०२६ पर्यंत. त्या हिशोबाने विमा संपून छप्पन वर्षं झाली होती. बायको घाबरली, पण भाईंदरच्या बाजारात वाणसामान भरणाऱ्या आईंना काही वाटलं नाही. "आपला शेठ दिवाळीला नवी वही उघडतो ना, तेच विक्रम संवत."

पुढे बुटवलपर्यंत मी नंबरप्लेटच वाचत होतो. खासगी गाडीला लाल पाटी, भाड्याच्या गाडीला काळी, आणि अक्षरं-आकडे बहुतेक ठिकाणी देवनागरी! आपल्याकडे मराठी आकडे लावले तर पोलीस पावती फाडतो आणि इथे काठमांडूपर्यंत 'बा' आणि 'च' बिनधास्त धावतायत. मराठी पाट्यांसाठी झटणाऱ्यांनी एकदा येऊन जावं, डोळे निवतील. त्या सगळ्यांत इंग्रजी पाटी मिरवत चाललेली आमचीच गाडी.

लुंबिनीत मायादेवी मंदिर पाहिलं, अशोकाचा स्तंभ पाहिला. मन शांत व्हायला आलं की आई म्हणायच्या, "जावईबापू, आज तिसरा दिवस." पोखऱ्यात ढग हटून माछापुच्छ्रेचं शिखर दिसायला लागलं तेव्हा म्हणाल्या, "चौथा." मुक्काम वाढवायचा विषय मी एकदा काढला. "गाडी माझी आहे. दंड झाला तर माझ्या नावावर," एवढंच उत्तर मिळालं.

पाचव्या दिवशी उजेडातच आम्ही बेलहियाच्या खिडकीवर कागद दाखवून बाहेर पडलो.

तेव्हा गाडी घेऊन नेपाळला निघणार असाल तर आरसी, विमा आणि लायसन्स मूळ प्रतीत घ्या, आणि आरसी ज्यांच्या नावावर असेल त्यांनाही घ्या. त्या सासूबाई असतील तर किती दिवस राहायचं ते काशीमिऱ्यालाच ठरवून टाका. सोनौलीनंतर तुमचं काही चालणार नाही.