उन्हाला दर्शनी बाजू कळत नाही

महाराष्ट्रात मलकापूर नावाची गावं एकाहून जास्त आहेत. बुलढाण्याचं मलकापूर मे महिन्यात पंचेचाळिशीला टेकतं. शाहूवाडीचं मलकापूर आंबा घाटाच्या अलीकडे चार महिने भिजत बसतं. आमच्या कराडशेजारच्या मलकापुराने दोघांकडून थोडं थोडं उसनं घेतलंय: एप्रिल-मेमध्ये चाळिशीचं ऊन, जूनपासून कोयनेकडून चढून येणारा पाऊस, आणि बारमाही महामार्गाची धूळ. शेडकार्ड मात्र तिन्ही गावांत एकच. त्यावर चिकटवलेल्या चौकोनी तुकड्यांना ना ऊन लागलेलं असतं ना पाऊस, म्हणून ते इतके प्रसन्न दिसतात.

या कार्डावर बोट ठेवून आपण घराच्या रंगाचं बजेट ठरवतो. म्हणजे काय करतो? आधी रंग ठरतो, मग पुढच्या भिंतीचा पट्टा, मग गेटचा रंग, मग नावाची पाटी. एवढ्यात पैसे संपतात. राहिलेल्या तीन भिंतींसाठी ठेकेदाराला सांगायचं, "मागं काय, साधंच मारा. तिकडं कोण बघतंय?"

सूर्य बघतो. मे महिन्यात दुपारी दोनपासून मावळेपर्यंत तो फक्त पश्चिमेची भिंतच बघत असतो. आमच्याकडे बऱ्याच घरांची तोंडं वास्तुशास्त्राच्या कृपेने पूर्वेला. म्हणजे भारी रंग सकाळच्या कोवळ्या उन्हाला आणि साधा रंग दुपारच्या भट्टीला. पावसाची झडही बहुतेक पश्चिमेकडूनच येते, म्हणजे तिचा मारही त्याच भिंतीला. चार वर्षांनी पोपडे कुठं धरतात, याचं आश्चर्य मग फक्त मालकालाच वाटतं.

आता एस्टिमेट नावाचा कागद बघू. हा कागद बहुधा सिगारेटच्या पाकिटाच्या आतल्या बाजूला लिहिलेला असतो. तीस बाय चाळीसचं घर, वर एक मजला. घेर १४० फूट, उंची २० फूट धरली तर २,८०० स्क्वेअर फूट. खिडक्या वजा होत नाहीत, कारण "कडा माराव्या लागत्यात, मालक". बरं. दोन हातांना लिटरमागे पन्नासेक फूट भिंत धरली तर ५६ लिटर रंग, म्हणजे वीस लिटरच्या जवळपास तीन बादल्या. लिटरला अडीचशेचा रंग घेतला तर तीन बादल्यांचे १५,००० आणि पाचशेचा घेतला तर ३०,०००. मालकाची घासाघीस या पंधरा हजारांवर सुरू होते आणि तिथंच संपते.

पण परांची, खरवडणं, भेगा भरणं, प्रायमर आणि मजुरी हे मिळून समजा ४५,००० होतात. ही रक्कम रंग स्वस्त असो की महाग, बदलत नाही. परांचीवर चढणारा माणूस बादलीची किंमत बघून चढत नाही. स्वस्त रंग तीन वर्षांत उडाला तर ६०,००० गेले, म्हणजे वर्षाला २०,०००. महाग रंग सहा वर्षं टिकला तर ७५,००० गेले, म्हणजे वर्षाला साडेबारा हजार. आकडे तुमच्या घराचे वेगळे निघतील, भागाकार तोच राहील. आपण मात्र बेरीज करून थांबतो. भागाकार शाळेतच राहिला.

ही झाली कागदावरची गोष्ट. भिंतीवर वेगळंच घडतं. बादली उघडल्यावर रंगारी आधी रंग बघत नाही, टोकन शोधतो. कंपन्या वर्षानुवर्षं डब्यात रंगाऱ्यासाठी टोकन टाकत आल्या, आता त्याचं स्कॅन झालं. "मालक, हाच रंग घ्या, एक नंबर हाय" या शिफारशीमागे भिंतीचा अभ्यास किती आणि टोकनाचा किती, हे मालकाने ओळखावं. रंगाऱ्याला दोष नाही. टाटा मोटर्सचा शोरूमवाला तरी आपल्याला दुसरी गाडी सुचवतो का? आक्षेप इतकाच की टोकन ज्याच्या खिशात जातं, त्याचा बादलीतला रस तिथंच संपलेला असतो.

त्यानंतर पाणी. मलकापूर हे चोवीस तास पाणी मीटरने मोजून देणाऱ्या योजनेमुळे नावाजलेलं गाव. घरटी मीटर, थेंबाथेंबाचा हिशेब. याच गावात रंगात पडणाऱ्या पाण्याला मात्र मीटर नाही. किती पाणी घालायचं ते डब्यावर छापलेलं असतं, पण परांचीवर चष्मा कोण नेतं? उन्हात रंग घट्ट होतो, ब्रश ओढत नाही, म्हणून एक तांब्या. मग जेवण करून आल्यावर आणखी एक. तीन बादल्यांत भागवायचं कबूल केलेलं असतं, त्यासाठी शेवटच्या भिंतीला अजून एक. शेवटची भिंत कुठली? मागची. पश्चिमेची.

उन्हात तापलेल्या भिंतीवर रंग मारूच नये, हे जाणत्या रंगाऱ्याला माहीत असतं. हात लावला तर चटका बसेल अशा भिंतीवर पाण्याचा रंग बसायच्या आतच वाळतो, ब्रशच्या रेघा उमटतात आणि थर नीट धरत नाही. साधा उपाय: सकाळी पश्चिमेची भिंत, दुपारनंतर पूर्वेची. सावलीमागून काम फिरवायचं. यासाठी परांची दिवसातून दोनदा हलवावी लागते, त्याचे पैसे एस्टिमेटात नसतात. म्हणून परांची जिथं बांधली तिथंच दिवस काढला जातो.

मग रंगवायचं कधी? दिवाळीच्या आधी म्हणाल तर परतीचा पाऊस नुकताच गेलेला, भिंतीत ओल तशीच. वरून रंग, आतून लोणा. दिवाळीनंतर म्हणाल तर ऊस तोडणी लागते. कारखान्यांच्या धुराड्यांतून काजळी उडते आणि ओल्या भिंतीवर येऊन बसते. फुकटचं टेक्स्चर. त्यात महामार्गाचं सहापदरीकरण. जुना उड्डाणपूल पाडून नवा लांबलचक पूल उभारायच्या कामात अख्ख्या मलकापुरानं जी धूळ खाल्ली, तिच्यात क्रीम रंगाच्या घरांचा धुळी रंग केव्हा झाला ते कुणाच्या ध्यानातही आलं नाही. मे महिन्यात भिंत तापलेली, जूनमध्ये भिजलेली. त्यातल्या त्यात बरं म्हणजे जानेवारी-फेब्रुवारी: ओल गेलेली, ऊन माफक. आधी भिंत धुऊन घ्यायची आणि काजळीचा वारा असेल त्या दिवशी हात आवरायचा. पण तेव्हा घरात कुणाचंच लग्न नसतं. आपल्याकडे घर लग्नाला रंगतं आणि लग्न एप्रिल-मेमध्ये निघतं. भिंतीचा मुहूर्त बघायला भटजी नाही.

रंगाच्या निवडीचं तर विचारूच नका. सध्या गडद राखाडी आणि चॉकलेटीची लाट आहे. पूर्वेला माणदेशात, आटपाडी-जतच्या पट्ट्यात, जिथं पाऊस ढगातच राहतो, तिथली जुनी माळवदाची घरं जाड मातीच्या भिंतींची. वर पांढरी माती, आत गारवा, रंगाचं बजेट शून्य. आता तिथंही सिमेंटचा डबा उभा राहतो आणि त्याला गडद मरून रंग. गडद रंग ऊन पितो आणि रात्रभर खोलीत ओततो. शिवाय भडक लाल-पिवळ्यातले बरेच रंग उन्हात लवकर विटतात. गेरूसारखे मातीतून आलेले टिकतात. वर गडद छटेचा दर जास्त. म्हणजे रंगाला जादा पैसे, मग कूलरला, मग विजेच्या बिलाला.

अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठाने २०२१ मध्ये बेरियम सल्फेट घालून ९८.१ टक्के ऊन परतवणारा पांढरा रंग केला. अहमदाबादने २०१७ पासून गरीब वस्त्यांची छपरं पांढरी करायला घेतली. हे वाचून "आमच्या आजीला हे आधीच माहीत होतं" म्हणत छाती फुगवायचं कारण नाही. आजीचा चुना दरवर्षी द्यावा लागे आणि भिंतीला टेकलेल्या प्रत्येकाच्या पाठीवर उतरे. पण गच्चीवर पांढरा आणि पश्चिमेला फिकट, एवढं आजीचं ऐकायला पैसे पडत नाहीत.

पैशावरून आठवलं. सिमेंटवरचा जीएसटी सप्टेंबर २०२५ मध्ये २८ वरून १८ टक्क्यांवर आला. रंग २०१८ पासूनच १८ वर आहे आणि तिथंच राहिला. त्यामुळे काउंटरवरचा प्रश्नही तिथंच राहिला: "पक्कं बिल करायचं का?" आपण नको म्हणतो. तीन वर्षांनी पोपडे उडाल्यावर वॉरंटी आठवते. बिल नाही, तर वॉरंटी कुठल्या तोंडानं मागणार? आणि बिल असलं तरी बारीक अक्षरात बहुधा लिहिलेलं असतं की आतून येणारी ओल आणि भेगा यांची जबाबदारी आमची नाही. म्हणजे जे बिघडतं ते सोडून बाकी सगळ्याची वॉरंटी आहे.

रंग तर आपल्याच जिल्ह्यातला. खंडाळ्यात, याच महामार्गाच्या अंगाला, एशियन पेंट्सचा कारखाना २०१३ पासून चालू आहे. गाववाला म्हणून डब्यामागे पाच रुपये सुटतील अशी आशा धरू नये.

तेव्हा एस्टिमेटचा कागद यंदा उलटा लिहा. पहिल्या ओळीत गच्चीची गळती आणि पावसाचे पाइप. दुसऱ्या ओळीत भेगा. मग धुणं, खरवडणं, प्रायमर. मग पश्चिमेची भिंत, तिला दोन हात पुरे, पण पाणी मोजून. शेडकार्ड सगळ्यात शेवटी, राहिलेल्या पैशात बसेल ते. सहा वर्षांनी पुन्हा ७५,००० लागणार हे आजच माहीत आहे, तर महिन्याला हजाराची भिशी आजच लावा. तीन हजार कमी पडतील, ते नावाच्या पाटीतून काढा.

पुढची बाजू जरा फिकी राहील. वास्तुशांतीला आलेले पाहुणे नाकं मुरडतील. त्यांना मागच्या दारानं आत घ्या.