सुशीसम्राटांच्या सेवेशी

श्रीमंत राजमान्य राजश्री मालक यांसी,
मु. पो. सोलापूर

शिरसाष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

पत्रास कारण की, आपल्या कृपेने सोलापूरकरांना सुशी मिळाली. समुद्र इथून शेकडो किलोमीटर लांब, मे महिन्यात पारा 43 अंशांच्या वर, आणि तरीही कच्च्या माशाच्या पदार्थाची पाटी लावायची म्हणजे छाती लागते. ती आपल्याकडे आहे. मासा तेवढा आम्हाला दिसला नाही.

आम्ही आपले जुने भक्त आहोत. पहिल्यांदा निराश झालो तेव्हा दुकान नवीन आहे म्हणून सोडून दिलं. पुढच्या वेळी वाटलं, आचारी रजेवर असेल. नंतर मुलीचा वाढदिवस आला आणि तिने हट्ट धरला. दर वेळी आपण आमची आशा सारख्याच निगुतीने मोडलीत, कुठे कमी-जास्त नाही. या सातत्याबद्दल प्रथम आभार.

त्यानंतरचे आभार भाताचे. सुशी म्हटलं की लोक मासा मासा करतात. जाणकार आधी भात बघतो. तांदळाचा सिरका, साखर आणि मीठ एकत्र करून गरम भातात हलक्या हाताने मिसळायचं, वारा घालायचा, आणि अंगाच्या उबेइतका कोमट असतानाच तो वाढायचा. जपानातले आचारी नुसता हा भात साधायला वर्षं घालवतात. आपण इतका वेळ दवडला नाहीत. आपण फ्रिज घेतलात.

त्या फ्रिजची थोरवी जरा सविस्तर सांगू द्या. सिरका नुसता चवीसाठी नसतो. शिजवलेला भात उबेत राहिला की त्यात जंतू वाढतात. आंबटपणा त्यांना रोखतो, म्हणून सुशीचा भात काही तास बाहेर तग धरतो. आपण सिरक्यात काटकसर केलीत. मग भात बाहेर ठेवायची सोय उरली नाही. मग सगळ्या गुंडाळ्या सकाळीच वळून फ्रिजमध्ये गेल्या. आणि फ्रिजच्या गारव्यात तर भातातला पिष्टाचा अंश सर्वांत लवकर ताठरतो. संध्याकाळी आमच्या ताटात आला तो कोरडा, टणक, दाताखाली कचकचणारा भात. एका बाटलीच्या बचतीतून एवढं सगळं घडवून आणलंत! असा भात आमच्या घरात उरला तर सकाळी त्याला मोहरी-कांद्याची फोडणी मिळते, आणि तरीही तो पाहुण्यापुढे ठेवत नाहीत.

तांदूळ बासमती वापरून आपण आमचा मान राखलात, हेही ध्यानात आलं. बासमतीचं मोठेपण सुट्या दाण्यात आहे आणि सुशीला दाणा चिकट लागतो, ही क्षुल्लक बाब. गुंडाळी उचलली की भात ताटात, काकडी मांडीवर आणि नोरीची, म्हणजे समुद्री शेवाळाच्या पातळ पापुद्र्याची, ओली चिंधी तेवढी काड्यांच्या चिमटीत. जपानचा आखूड दाण्याचा तांदूळ महाग पडतो, हे मला समजतं. पण मालक, वडगाव मावळच्या संशोधन केंद्रातून आलेला इंद्रायणी किराणा दुकानात मिळतो. मऊ, चिकट, वासाचा. कधी करून तरी बघितलंत?

आता खेकडा. मेनूकार्डावर आपण ‘क्रॅब रोल’ असं ठसठशीत छापलं आहे. आत निघाली ती लाल-पांढरी पट्टी. त्या पट्टीत खेकड्याचं मांस सहसा नसतं. माशाचं मांस धुऊन, कुटून त्याचा लगदा करतात, त्यात पिष्ट, बऱ्याचदा अंड्याचा पांढरा बलक आणि खेकड्याचा स्वाद घालतात, वरून रंग चढवतात. या लगद्याला सुरिमी म्हणतात. पदार्थ वाईट नाही, मुळीच नाही. आपल्या रत्नागिरीत गद्रे मरीन ही कंपनी सुरिमी बनवते आणि परदेशी पाठवते. जपानच्या पदार्थात कोकण किनाऱ्याची मेहनत जाते, हे मोठ्या अक्षरांत लिहिलं असतंत तर सोलापूरकरांनी कौतुकाने खाल्लं असतं. आपण खेकडा लिहिलंत. अंड्याचा तर उल्लेखच नाही. ज्यांना अंडं चालत नाही त्यांना आपण अज्ञानाचं सुख दिलंत.

शाकाहारी मंडळींवर तर आपली विशेष मर्जी. आमच्या गावात लिंगायत, जैन, ब्राह्मण अशी कितीतरी घरं पूर्ण शाकाहारी आहेत. आपलं स्वयंपाकघर काचेआड उघडं ठेवलंत, त्यामुळे आम्हाला ते डोळ्यांनी बघता आलं: ज्या सुरीने कोळंबीची गुंडाळी कापली, तीच सुरी त्याच फळीवर पुढच्या क्षणी काकडीच्या गुंडाळीवर फिरली. फडकंसुद्धा मध्ये आलं नाही. पारदर्शक कारभार म्हणतात तो हाच असावा.

आणि शाकाहारी सुशी ही काही आपण आमच्यावर केलेली मेहेरबानी नाही बरं का. जपानात काकडीची गुंडाळी जुनी आहे, दुधीच्या जातीच्या फळाच्या वाळवलेल्या पट्ट्यांची आहे, मुरवलेल्या मुळ्याची आहे, तळलेल्या टोफूच्या गोडसर पिशवीत भरलेला भात आहे. एवढा खजिना उघडा असताना आपण पनीर, चीज आणि शेजवान सॉस घातलेला एकच रोल चार नावांनी छापलात. चारही मागवले, चारही ओळखता आले नाहीत.

पनीर घालू नका असं मी म्हणत नाही. अमेरिकेत गेलेल्या सुशीत अॅव्होकाडो आला, लोक नोरी सोलून टाकतात म्हणून भात बाहेर आणि नोरी आत अशी उलटी गुंडाळी आली. पदार्थ गाव बदलतो तेव्हा अंगरखा बदलणारच. उद्या आपण शेंगा चटणी भुरभुरून सुशी वाढलीत तर पहिला घास मी घेईन. पण अट एकच, ती मन लावून केलेली हवी. आपण मेयोनेज एवढ्यासाठी ओतता की खाली काय आहे ते कळू नये.

सुशीसोबतच्या झणझणीत हिरव्या वासाबीबद्दल मात्र आपल्याला सगळा दोष देता येणार नाही. खऱ्या वासाबीचा कंद महाग, किसल्यावर थोड्याच वेळात त्याचा दरवळ जातो, म्हणून जगभर आणि खुद्द जपानातही बहुतेक ठिकाणी हॉर्सरॅडिश आणि मोहरीचं हिरवं मिश्रणच देतात. आपणही तेच दिलंत. आपला वेटर मात्र ‘थेट जपानहून आलेली खास वासाबी’ असं सांगून त्या वाटाण्याएवढ्या गोळीचे वेगळे पैसे लावून गेला.

तक्रार केली तेव्हा आपल्या व्यवस्थापकांनी दिलेलं उत्तर मी जपून ठेवलं आहे. ते म्हणाले, “साहेब, सोलापूरला समुद्र कुठंय? एवढं मिळतंय ते बघा.”

वा! पण मालक, सुशीचा उगम तरी समुद्रकाठी कुठे झाला? भातशेतीच्या मुलखात गोड्या पाण्यातला मासा टिकवायचा म्हणून तो मीठ लावून भातात मुरवत, तिथून ही गोष्ट सुरू झाली. जपानच्या बिवा सरोवराकाठी तसली माशाची जुनी सुशी अजूनही करतात. आणि आपल्याच जिल्ह्यात भीमेवर उजनीचं धरण आहे, 1980 पासून भरतं आहे, तिथला मरळ, रोहू, कटला, चिलापी खायला लोक पुणे-सोलापूर रस्त्यावर गाड्या थांबवतात. तो मासा कच्चा वाढू नका, कृपा करून नका. गोड्या पाण्यातल्या माशात कृमी असू शकतात आणि तो नीट शिजवूनच खावा. पण जपानी लोक ईल नावाचा लांबुळका मासा निखाऱ्यावर भाजून, सोया आणि साखरेचा गोडसर लेप देऊन भातावर ठेवतातच ना? आपली वाम जातीने वेगळी असेल, पण ती भाजून तसाच लेप द्यायला काय हरकत होती? समुद्र नाही हे खरं. अडचण समुद्राची नव्हती.

व्यवस्थापकांचं दुसरं वाक्य होतं, “इथल्या लोकांना असंच आवडतं.”

मालक, या वाक्यासाठी हे पत्र लिहितो आहे. बाकी सगळं मी गिळलं असतं.

‘इथले लोक’ म्हणजे कोण, ते सांगतो. भाकरीचा एक तुकडा मोडून ज्वारी मंगळवेढ्याच्या काळ्या रानातली मालदांडी आहे की आणखी कुठली, हे सांगणारे लोक. त्या ज्वारीला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळालं, इथल्या जिभांनी ते फार आधी दिलं होतं. शेंगा चटणी उखळात कुटली की मिक्सरला फिरवली, हे तेल सुटण्यावरून ओळखणारे लोक. कडक भाकरी बोटाने वाजवून घेणारे लोक. यांना गार भात कळत नाही?

सुशीलाही असलीच माणसं आवडत होती. आज आपण खातो ती बोटांनी वळलेली सुशी एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला एदोत, म्हणजे आताच्या टोकियोत, रस्त्यावरच्या गाड्यांवर विकली जाई. हानाया योहेई यांचं नाव तिच्याशी जोडतात. कामकरी यायचा, उभ्याने दोन घास खायचा, पुढे जायचा. 1958 साली योशिआकी शिराइशी यांनी ओसाकाजवळ फिरत्या पट्ट्यावरची सुशी सुरू केली. बिअरच्या कारखान्यात बाटल्या वाहून नेणारा पट्टा बघून त्यांना ते सुचलं. सामान्य माणसाला स्वस्तात खाता यावं, हा त्यांचा हिशेब. सोलापूर 1877 पासून, जुनी गिरणी निघाली तेव्हापासून, गिरणकामगारांचं गाव म्हणून वाढलं. खाणं साधं असू शकतं, स्वस्त असू शकतं आणि तरी चोख असू शकतं, हे ज्या गावाने भाकरी-चटणीच्या शिदोरीवर पिढ्यान् पिढ्या अनुभवलं, तिथे येऊन आपण सांगता की यांना असंच आवडतं.

आणि माझ्या वडिलांचे विशेष आभार आपल्याला पोचवायचे आहेत. आयुष्य यंत्रमागावर गेलं त्यांचं. बोटं आता नीट मिटत नाहीत. नातीच्या वाढदिवसाला आले, पांढरा सदरा घालून, काड्यांशी थोडा वेळ झटले, मग हाताने घास उचलला. आपल्या व्यवस्थापकांनी शेजारच्या वेटरकडे बघून हसू दाबलं आणि “आजोबांना चमचा दे रे” म्हणून दुरूनच ओरडले. सगळ्या टेबलांनी वळून बघितलं. वडिलांनी घास खाली ठेवला आणि पुढे काही खाल्लं नाही. पोट भरलंय म्हणाले.

मालक, भातावर मासा ठेवलेली सुशी हाताने खाणं जपानात पूर्णपणे रीतीचं आहे. तिथले कितीतरी आचारी हातानेच खा म्हणतात, कारण नीट वळलेला घास काड्यांनी दाबला तर तुटतो. त्या दिवशी आपल्या अख्ख्या दालनात सुशी योग्य पद्धतीने खाणारा एकच माणूस होता, आणि आपण त्याला हसलात.

आता स्तुती पुरे, सरळ मागतो. सुशीच्या भातात सिरका घाला आणि तो दिवसातून दोनदा तरी ताजा शिजवा. मेनू अर्धा करा. खेकडा नसेल तर खेकडा लिहू नका, अंडं असेल तर अंडं लिहा. शाकाहारी गुंडाळ्यांना सुरी आणि फळी वेगळी ठेवा. वाढणाऱ्या पोरांना पदार्थ आधी खायला द्या, म्हणजे गिऱ्हाइकाने विचारल्यावर त्यांना सांगता येईल; ती पोरं आमच्याच गल्ल्यांतली आहेत, चुणचुणीत आहेत, त्यांना कोणी शिकवलं नाही इतकंच. आणि वयस्क माणूस दारात आला तर उठून उभे राहा.

हे जमलं तर कळवावं. सोलापुरात चांगली सुशी मिळावी असं मला मनापासून वाटतं. माझ्या मुलीला ती आवडते, आणि तिने त्यासाठी पुण्याला का जावं?

कळावे, लोभ होता तो वाढवण्याची संधी आपल्या हाती आहे.

आपला,
एक गिऱ्हाईक

ता. क. बिलाच्या तळाशी आपण न विचारता सेवा शुल्क लावलं होतं. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 4 जुलै 2022 रोजीच असं शुल्क आपोआप लावायला मनाई केली आहे आणि मार्च 2025 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ती मनाई उचलून धरली. शिवाय अन्न परवान्याचा 14 अंकी क्रमांक बिलावर छापणं 2022 पासून बंधनकारक आहे, तो आपल्या बिलावर नाही. बिल माझ्याकडे आहे. शुल्काची रक्कम घ्यायला येत्या शनिवारी संध्याकाळी येतो. वडीलही सोबत असतील; त्या व्यवस्थापकांची सुट्टी त्या दिवशी ठेवू नये.