बांधावरचे खेकडे

पावसाळ्यात सोलापुरात दोन माणसं भेटली की एकमेकांची तब्येत विचारत नाहीत. "उजनी किती झालं बे?" हा पहिला प्रश्न, आणि उत्तर टक्क्यांत. पाऊस पडायचा मावळात आणि भीमाशंकरच्या डोंगरात, धरण भरायचं टेंभुर्णीजवळ आणि पेढे वाटायचे पार्क चौकात. आपल्या आभाळातून काय पडलं हे विचारायला कुणाला सवड नाही.

बरं, हा टक्का शून्याच्या खालीही जातो. २०२४ च्या जूनमध्ये तो उणे साठाला टेकला होता. परगावच्या पाहुण्याला हे समजावून सांगताना तोंडाला फेस येतो. धरणात मावतं ११७ टीएमसी, त्यातलं ६३ टीएमसीच्या वर पाणी कागदावर मृत, आणि जिवंत काय ते ५३. टक्का मोजायचा तो या जिवंताचा. जिवंतापेक्षा मृतच जास्त! इतरांचा पितृपक्ष पंधरवड्यात आटोपतो, आम्ही सबंध उन्हाळा मृताच्या जिवावर काढतो.

आता एक हिशेब, शाळकरी पोराच्या वहीत मावेल एवढा. जिल्ह्याचं क्षेत्रफळ १४,८९५ चौरस किलोमीटर. पाऊस सरासरीपेक्षा थोडा कमीच, म्हणजे ५०० मिलिमीटर धरा. गुणाकार करा, टीएमसीत उतरवा. उत्तर येतं २६० च्या वर. म्हणजे दोन उजन्या काठोकाठ भरून वर पंचवीसेक टीएमसी शिल्लक. एवढं पाणी दुष्काळी म्हणवणाऱ्या आपल्या जिल्ह्याच्या डोक्यावर पडतं. ते सगळंच अडवता येत नाही, हे कबूल. काही ऊन पितं, काही पिकं पितात, काही मुरतं. पण दारात दोन उजन्या उतरत असताना आम्ही तिसरीकडे तोंड करून उभे, ही आमची खासियत.

शहराची तर गोष्टच वेगळी. पाइपलाइन होती, पण ती पुरायची नाही म्हणून वर्षानुवर्षं धरणातून भीमेत पाणी सोडलं जायचं. नदीनं शंभरावर किलोमीटर चालत यायचं, वाटेत दोन्ही काठांच्या मोटारींना पाजायचं, आणि उरलंसुरलं औज बंधाऱ्यात साठायचं. तिथून टाकळीला उपसायचं. एवढा प्रवास करून थकलेलं पाणी नळाला यायचं चार-पाच दिवसांआड, तेही कधी रात्री दोनला. आणि त्याच शहरात जुळे सोलापूरकडच्या कुठल्याही अपार्टमेंटखाली पहिल्या वळवाला उभं राहून बघा. गच्चीवरून चार इंची पाइप खाली आलेला असतो, घोट्याच्या उंचीवर त्याला एल्बो लावलेला असतो, आणि एल्बोचं तोंड रस्त्याकडे. लिंबाचा पाला, कबुतरांची घाण आणि फेसाळ पाणी धाडकन फुटपाथवर, तिथून गटारीत. मंजूर नकाशावर त्याच कोपऱ्यात पाऊसपाणी जिरवायचा खड्डा काढलेला असतो. प्रत्यक्षात तिथे पेव्हर ब्लॉक आणि चेअरमनची स्कूटर. हजार चौरस फुटांच्या गच्चीवर आपल्या पावसातही वर्षाकाठी पन्नासेक हजार लिटर पाणी पडतं. म्हणजे दहा हजार लिटरचे पाच टँकर. ते फुकट घालवायचे आणि एप्रिलमध्ये सोसायटीच्या ग्रुपवर "टँकरवाल्याचा नंबर आहे का कुणाकडे?" म्हणून विचारायचं.

या गावाला खरं तर हे शिकवायची वेळ यायला नको होती. बाराव्या शतकात सिद्धरामेश्वरांनी लोकांना जमवून इथे तळं खोदलं. प्रशासकीय मान्यता नाही, तांत्रिक मान्यता नाही, ई-निविदा नाही, उद्घाटनाला पालकमंत्री नाहीत. तरी तळं आहे. आपण दर संक्रांतीला नंदीध्वज मिरवतो, फक्त कुदळ तेवढी कुणी मिरवत नाही.

शेतात चला. शेतात जलसंधारणाची सुरुवात होते बांधापासून आणि शेवटही तिथेच होतो. मुंबई इलाख्यानं १९४२ साली जमीन सुधारणेचा कायदा केला आणि विजापूर-सोलापूरच्या दुष्काळी पट्ट्यात समतल बांध घालायला घेतले. बांध चढउताराप्रमाणे जाणार, शेताची हद्द मात्र आजोबांच्या वाटणीप्रमाणे. त्यामुळे सरकारी बांध आपल्या रानातून आडवातिडवा गेला की शेतकऱ्याला तो डोळ्यात खुपायचा. पुढे ट्रॅक्टर आला आणि पुष्कळ बांध नांगराखाली गेले. उरले ते हद्दीचे. आणि त्यांना कोरण!

बांध कोरणं ही आपल्याकडची सर्वांत जुनी आणि सर्वांत चिकाटीची ग्रामीण कला. दर नांगरटीला वीतभर. एकदम नाही, भांडण होतं. ज्या बांधावरून एके काळी बैलजोडी जायची, लिंब-बाभळीच्या सावलीला भाकरी सोडली जायची, तिथे आज पाऊल टाकलं तर टाच एकाच्या गटात आणि अंगठा दुसऱ्याच्या. मग तहसीलमध्ये अर्ज, मोजणी, हरकत, फेरमोजणी. दोन भाऊ बांधासाठी वीस वर्षं कोर्टात झगडतात आणि बांध दोघांच्या देखत पावसाबरोबर निघून जातो. २०१९ साली कोकणातलं तिवरे धरण फुटलं, वीसच्या आसपास माणसं गेली, तेव्हा आपल्याच माढा तालुक्यातले जलसंधारणमंत्री तानाजी सावंत यांनी ठपका ठेवला होता खेकड्यांवर. सोलापूरच्या बांधांना खेकडे लागत नाहीत. शेजारी पुरतो.

आणि उपाय नाही असंही नाही. उपाय याच गावात बसलाय, १९३३ पासून. कोरडवाहू शेतीचं संशोधन केंद्र त्या साली सोलापुरात सुरू झालं. शिफारसीही डोंगराएवढ्या नाहीत. रब्बीचं रान पावसाळ्यात नुसतं मोकळं टाकायचं नाही. जुलै-ऑगस्टमध्ये बळीराम नांगरानं किंवा सारा यंत्रानं बारके वरंबे ओढून शेताचे चौकोनी वाफे पाडायचे. याला कप्पेबंदिस्ती म्हणतात. पाऊस ज्या वाफ्यात पडला त्या वाफ्यातच मुरतो. एका एकरावर ५० मिलिमीटरचा एक दणका पडला तरी ते दोन लाख लिटर पाणी होतं. ते ओढ्यात पळण्याऐवजी काळ्या रानात उतरतं, आणि मीटरभर खोल काळी जमीन दीडशे-दोनशे मिलिमीटर ओल धरून ठेवते. मग पंधरा सप्टेंबरनंतर मालदांडी पेरायची, वेळेवर कोळपण्या घालून भेगा बुजवायच्या, ज्वारी त्या ओलीवर निघते. धरण नको, मोटार नको, लाइटीची वाट बघणं नको.

मग हे सगळीकडे का होत नाही? अहो, यात ठेकेदार कुठे आहे? वरंब्याला कोनशिला लावता येत नाही. वाफ्यात नारळ फोडायचा तर फोटोत मागे काय दिसणार, ढेकळं?

त्यापेक्षा पोकलेन बरा. २०१४ च्या अखेरीला जलयुक्त शिवार अभियान आलं. पुस्तकात 'माथा ते पायथा' लिहिलं होतं: आधी डोंगरमाथ्यावर चर, मग उतारावर बांधबंदिस्ती, सर्वांत शेवटी ओढा. गावोगाव काम सुरू झालं ते शेवटून. मशीन ओढ्यात उतरतं, माथ्यावर चढायचा त्याला कंटाळा, आणि घनमीटर मोजायला ओढा सोयीचा. ओढे खोल झाले, कडे उभे कापले गेले, काढलेला मुरूम काठावरच रचला आणि पुढच्या पावसानं तो इमानदारीनं परत आत आणून टाकला. ९,६०० कोटींवर खर्च करूनही भूजल वाढवण्यावर फारसा परिणाम दिसत नाही, असं २०२० मध्ये कॅगनं लिहिलं. त्यावर चौकशी लागली, मग सरकार बदललं आणि २०२३ मध्ये अभियानाचा दुसरा भाग आला. सिनेमाचंही असंच असतं, पहिला कितीही आपटला तरी निर्मात्याची हौस फिटत नाही.

शेततळ्याचंही तेच. कल्पना अशी की पावसाचं वाहतं पाणी त्यात धरायचं. सांगोल्याकडे, पंढरपूरकडे जाताना रस्त्याकडेची तळी बघा. कागद अंथरलेला, काठ चांगले उंच, वाहतं पाणी आत जायला वाटच नाही. भरतात ती बोअरच्या पाण्यानं. ६० मीटरपेक्षा खोल विहीर शेतीसाठी पाडू नये, असं २००९ चा भूजल कायदा सांगतो. बोअरवाल्याच्या गाडीवर मात्र रॉड असतात आठशे फुटांचे. म्हणजे जमिनीच्या पोटातलं थंडगार पाणी वर ओढायचं आणि ४२ अंशांच्या उन्हात वाळत घालायचं, तेही अनुदान घेऊन.

नुसतं नावं ठेवत बसलो असं वाटायला नको, म्हणून बार्शीकडे वळतो. सुर्डी गाव. २०१९ च्या पाणी फाउंडेशनच्या वॉटर कप स्पर्धेत ते राज्यात पहिलं आलं, ७५ लाखांचं बक्षीस मिळालं. स्पर्धा होती आठ एप्रिल ते बावीस मे, म्हणजे सोलापुरात सावलीत बसलेला माणूसही भाजून निघतो त्या दिवसांत. तेव्हा माणसं टिकाव-फावडं घेऊन माळावर गेली आणि चर खणले. त्यांच्यापुढे टोपी काढावी. पण पाणी आल्यावर पुढे काय, हा प्रश्न सुर्डीचा नाही, साऱ्या जिल्ह्याचा आहे. आमच्याकडे विहिरीला हातभर पाणी वाढलं की माणसाच्या डोळ्यापुढे पहिल्यांदा ऊसच येतो. पाचशे मिलिमीटरच्या या जिल्ह्यात साखर कारखाने तीसहून जास्त, राज्यात सर्वाधिक. गावानं श्रमदानातून थेंब थेंब जिरवायचा आणि पन्नास एकर उसानं तो एका हंगामात पिऊन टाकायचा. मालदांडीचं वाण याच जिल्ह्यातल्या मोहोळचं, मंगळवेढ्याच्या ज्वारीला भौगोलिक मानांकन मिळालेलं. मानांकन भिंतीवर, ऊस रानात.

राहिली माती. तिचा टक्का कुणी विचारत नाही, तिची बातमी रोज येत नाही. ती आली २०२५ च्या सप्टेंबरात. सीनेला महापूर आला, करमाळा, माढा, मोहोळ, उत्तर आणि दक्षिण सोलापूर पाण्याखाली गेले. ज्या जिल्ह्यानं पंधरा महिन्यांपूर्वी उणे साठ पाहिलं होतं, तो होडीत बसला. पाणी ओसरल्यावर दिसलं ते रान नव्हतंच, खालचा मुरूम आणि दगड वर आलेले. सरकारनं खरडून गेलेल्या जमिनीला हेक्टरी ४७ हजार रोख आणि रोजगार हमीतून तीन लाखांपर्यंतचं काम जाहीर केलं. इंचभर माती तयार व्हायला काही शतकं लागतात, आणि रोखीचा हिशेब गुंठ्याला साधारण ४७५ रुपये पडतो. हुरडा पार्टीला एका माणसाचे साधारण तेवढेच घेतात, त्यात दही-चटणी धरून.

आणि ती माती गेली कुठे, हे विचारा. सीना हत्तरसंग कुडलला भीमेला मिळते आणि भीमा जाते कर्नाटकात. २०२२ च्या डिसेंबरात विधिमंडळानं सीमाभागातल्या ८६५ गावांसाठी एकमतानं ठराव केला. त्याच सुमारास अक्कलकोटवर कर्नाटकानं हक्क सांगितला, तेव्हा इंचभरही जमीन देणार नाही म्हणून गर्जना झाल्या, बसगाड्यांना काळं फासलं गेलं. भीमा मात्र दर पावसाळ्यात आपली इंच-इंच जमीन पलीकडे पोचवते, खुशाल, पोलीस बंदोबस्ताशिवाय. त्यावर एकाही पक्षानं अजून बंद पुकारलेला नाही.