कुनाचा रं तू?

आरे गावात नागरिकत्वाचा निकाल एसटीच्या थांब्यावर लागतो. गाडीतून कुठलंही अनोळखी पोर उतरलं, की कट्ट्यावर बसलेली म्हातारी त्याला एकच प्रश्न विचारते, "कुनाचा रं तू?" जन्म कुठला, कागद आहेत का, यातलं काही नाही. पोराने बापाचं नाव सांगितलं की ती त्याच्या नाकाकडे बघते. नाक घराण्याशी जुळलं की मान हलवते आणि पुन्हा तंबाखू मळायला लागते. या निकालावर अपील नाही.

1955 चा नागरिकत्व कायदा मी उतारवयात वाचला तेव्हा हीच म्हातारी डोळ्यांसमोर आली. परदेशात जन्मलेल्या मुलाला त्याचं चौथं कलम दुसरं काय विचारतं? कुनाचा रं तू! अमेरिकेचा प्रश्न वेगळा. तू पडलास कुठे? आमच्या जमिनीवर ना? मग आमचा. दुबईलाही आपल्यासारखा बाप लागतो, पण तो तिथला लागतो.

हे सगळं मला कळायचं कारण, पुतण्याला 2024 च्या पावसाळ्यात दुबईत मुलगा झाला. पुतण्या आरे गावचा, सूनबाई वारे गावची. गणपतीपुळ्याला जाणारे पर्यटक वरच्या वळणावर गाडी थांबवतात, दोन्ही किनारे एका फोटोत बसवतात आणि 'आरे-वारे' असं एका दमात म्हणून टाकतात. मधली खाडी आणि तिच्यावरचा पूल त्यांना देखावा वाटतो. आम्हाला ती सरहद्द वाटते. बाळ जन्मल्याचा फोन आला तेव्हा दुबईचं नाव कुणी काढलंच नाही. बाळ आरेचं की वारेचं, यावरच दोन्ही व्याही तासभर बोलले.

आमच्या आत्याला मी कायदा समजावून सांगायला बसलो. 26 जानेवारी 1950 नंतर परदेशात जन्मलेलं मूल बाप भारतीय असेल तरच भारतीय ठरायचं. आईची मोजदाद 10 डिसेंबर 1992 पासून सुरू झाली. आत्या सुपारी कातरायची थांबली. "म्हणजे नऊ महिने वागवणार आम्ही, कळा सोसणार आम्ही, आणि पोर नागरिक व्हायचं ते बापामुळे?" मी म्हटलं, आता तसं नाही, आई भारतीय असली तरी चालतं. "दिल्लीला ब्याण्णव साली सुचलं," ती म्हणाली, "तुझ्या भावाला अजून सुचायचंय." भाऊ पडवीतच होता. तो व्याह्यांशी फोनवर बोलत असल्याने त्याला हे ऐकू गेलं नाही, किंवा तसं त्याने दाखवलं.

खरी गोम 3 डिसेंबर 2004 ची आहे. त्या दिवसापासून आईबापाचं नुसतं भारतीय असणं पुरत नाही. मुलाच्या जन्माची नोंद वर्षाच्या आत भारतीय दूतावासात करावी लागते आणि त्याच्याकडे दुसऱ्या देशाचा पासपोर्ट नाही असं आईबापांना लिहून द्यावं लागतं. वर्ष उलटलं तर केंद्र सरकारची परवानगी आणा. कोकणात वर्ष ही मुदत धरतच नाहीत. आमच्या वाटणीच्या दाव्यात एवढ्या वेळात फक्त पुढची तारीख पडते. पण दुबईचं घड्याळ वेगळं. तिथे नवजात बाळाचाही निवासी व्हिसा लागतो आणि तो 120 दिवसांत काढावा लागतो. व्हिसाला पासपोर्ट हवा, पासपोर्टाला फोटो हवा, आणि फोटोत बाळाचे डोळे उघडे, तोंड मिटलेलं, मागे पांढरी पार्श्वभूमी हवी. आमच्या घराण्यात डोळे उघडे असताना तोंड मिटलेलं असण्याची परंपरा नाही. शेवटी पांढऱ्या चादरीवर बाळाला निजवून, एकाने खुळखुळा वाजवत आणि दुसऱ्याने मोबाइल धरत, रात्री दोन वाजता तो क्षण पकडला म्हणे.

मग सहीचा प्रश्न. सही न येणाऱ्या मुलाचा अंगठा घेतात. मुलगा असेल तर डावा, मुलगी असेल तर उजवा. हा भेद का, याचा मी बराच विचार केला आणि सोडून दिला. बाळाने मूठ उघडेना. आत्याने इथून फोनवर उपाय सांगितला, "तळपायाला गुदगुल्या कर." मूठ उघडली. शाई अंगठ्याला कमी आणि बापाच्या शर्टाला जास्त लागली.

इतकं होऊनही अर्ज अडला, आणि अडला तो आमच्या गावापायी. दुबईत अर्ज भरून देणारी दुकानं असतात, त्यांना टायपिंग सेंटर म्हणतात. पुतण्याच्या पासपोर्टावर जन्मस्थान आहे आरे. इंग्रजीत ती तीन अक्षरं, ए, आर, ई. आणि जगभरच्या पासपोर्टांवर संयुक्त अरब अमिरातीसाठी जी तीन अक्षरं छापतात तीही ए, आर, ई! दुकानातल्या पोराने ती बघितली आणि पुतण्याचा जन्मदेश म्हणून अमिरात ठोकून दिला. झालं! आता बापच परदेशात जन्मलेला ठरला. मग त्याचं नागरिकत्व कुठून आलं, कुणाच्या वंशाने आलं, हे आलंच. मुलगा भारतीय ठरायचा होता, त्याऐवजी बाप अरब ठरत चालला.

रात्री फोन आला, "काका, माझा जन्म आरेतच झाला ना?" मी घाबरलो, म्हटलं पोराला उन्हाची बाधा झाली. सकाळी जन्माच्या नोंदीचा उतारा काढायला गेलो. जन्मस्थानाच्या रकान्यात लिहिलं होतं, 'राहते घर'. आता हे घर अरबस्तानात नाही, हे कसं पटवावं? सुईणीची मदतनीस म्हणून आत्या त्या रात्री हजर होती. "खाडीला भरती होती, आणि वाऱ्याने पडवीचे कौल उडाले होते, तेवढं शपथेवर लिही," ती म्हणाली. सुदैवाने उताऱ्यावर तालुका-जिल्हा रत्नागिरी होता, तेवढ्यावर भागलं. अर्ज नव्याने भरला, नोंद झाली, पासपोर्टही आला.

रत्नागिरीला असल्या भानगडी नव्या नाहीत म्हणा. 1885 मध्ये इंग्रजांनी ब्रह्मदेशाच्या थिबा राजाचं राज्य घेतलं आणि 1886 मध्ये त्याला रत्नागिरीत आणून ठेवलं. पुढच्याच वर्षी त्याची चौथी मुलगी इथे जन्मली. बाप राजा, पण राज्य नाही. जन्मगाव रत्नागिरी, पण तीच बापाची कैद. थिबा पॅलेस बांधून व्हायला 1910 उजाडलं, आणि 1916 मध्ये राजा रत्नागिरीतच वारला. त्या राजकन्येला आमच्या म्हातारीने गाठलं असतं तर उत्तर चोख मिळालं असतं, पण नाक कुणाशी जुळवायचं यावर बाई अडली असती.

दुसरा पुतण्या न्यू जर्सीत. त्याच्या मुलीला अंगठा, शपथ, उतारा यातलं काही करावं लागलं नाही. ती रडली आणि अमेरिकन झाली. भानगड पुढे आहे. आपल्याकडे दुहेरी नागरिकत्व नाही, म्हणून तिला घेतलंय ते ओसीआय कार्ड. नाव भारदस्त, 'भारताचे विदेशस्थ नागरिक', पण तो जन्मभराचा व्हिसा आहे. या कार्डावर हवं तेव्हा यावं, आंबे खावेत. मत देता येत नाही आणि शेतजमीन विकत घेता येत नाही. वारशाने मात्र मिळू शकते. हा नियम ज्याने केला तो माणूस नक्की कोकणातला असणार. आमच्या बागेच्या सातबारावर एवढी नावं आहेत, की सगळ्यांच्या सह्या गोळा करून ती विकत घेणं अस्सल भारतीयालाही जमलेलं नाही. तिथे वारसाशिवाय कुणाचा शिरकाव होतोच कसा?

गेल्या मे महिन्यात दोन्ही बाळं एकदम गावाला आली. घर भरलं. तेवढ्यात आमच्या भागातले एक इच्छुक बाळं बघायला आले. पुढेमागे विधानसभेपर्यंत पोचायचा त्यांचा विचार आहे. त्यांनी मला खांबाआड घेऊन विचारलं, "यातलं भारतीय कुठलं?" मी दुबईचं दाखवलं. परदेशी राहणाऱ्या भारतीयाला 2011 पासून मतदारयादीत नाव घालता येतं, फक्त मत द्यायला स्वतः यावं लागतं, हे त्यांना तोंडपाठ होतं. बोटांवर हिशेब करून ते म्हणाले, "बेचाळीस साली अठराचं होईल," आणि पाचशेची नोट त्याच्या मुठीत कोंबली. ही मूठ मात्र गुदगुल्यांशिवाय उघडली.

अमेरिकन बाळाच्या गालाला त्यांनी नुसता हात लावला. मग त्याच्या आजोबांना हळूच विचारलं, "हिच्या आईबापांनी आपला पासपोर्ट ठेवलाय ना अजून?"