काही ब्लॉकर?

हिंजवडीतल्या कुठल्याही काचेच्या इमारतीत सकाळी साडेदहाला जा. हातात मार्कर घेतलेला एक माणूस आणि त्याच्याभोवती अर्धवट झोपेतले सात-आठ जण उभे दिसतील. मार्करवाला तो स्क्रम मास्टर. तो कोड लिहीत नाही, टेस्टिंग करत नाही, डिझाइनला हात लावत नाही. तो विचारतो. ‘काल काय केलंस? आज काय करणार? काही ब्लॉकर?’

नियमाने ही सभा 15 मिनिटांची. लवकर आटपावी म्हणून उभ्याने घ्यायची. घरून काम करणारे कॅमेरा बंद ठेवून, पांघरुणातूनच ‘स्टँड-अप’ला हजर असतात, स्क्रम मास्टर मात्र नियम मोडत नाही. एकदा वाकडच्या पुलावर अडकला, तेव्हा गाडीतून उतरून, कठड्याला टेकून त्याने सभा घेतली. त्या दिवशीचा ब्लॉकर सगळ्यांना ऐकू येत होता.

पूर्वी हा प्रोजेक्ट मॅनेजर होता. गँट चार्ट उघडून ‘कधी होणार?’ असं दरडावायचा. मग कंपनी अजाइल झाली. शनिवार-रविवारी दोन दिवसांचा कोर्स झाला, सर्टिफिकेट लिंक्डइनवर चढलं. सोमवारी त्याच खुर्चीत बसून तो म्हणाला, ‘मी तुम्हाला काय मदत करू?’ टीम घाबरली.

2001 च्या फेब्रुवारीत अमेरिकेत, युटामधल्या स्नोबर्डला, बर्फाच्या डोंगरात 17 सॉफ्टवेअरवाले जमले आणि त्यांनी अजाइलचा जाहीरनामा लिहिला, ही कथा तो शिवजयंतीच्या व्याख्यात्याच्या आवेशात सांगतो. त्यातलं पहिलंच तत्त्व असं, की प्रक्रिया आणि साधनांपेक्षा माणसं आणि त्यांचं आपसातलं बोलणं मोलाचं. हे सगळ्यांनी वाचलं की नाही ते कळावं, म्हणून त्याने प्रत्येकाच्या नावावर ‘जिरा’ या सॉफ्टवेअरमध्ये एकेक तिकीट उघडलं.

त्याला खरा बहर येतो तो स्प्रिंटच्या, म्हणजे कामाच्या पुढच्या टप्प्याच्या, प्लॅनिंगला. तिथे कामाचा आकार 1, 2, 3, 5, 8, 13 अशा फिबोनाची आकड्यांत सांगायचा असतो.

‘चार दिवस लागतील,’ टीममधली जुनीजाणती डेव्हलपर म्हणते.

‘दिवस नको, पॉइंट सांग.’

‘बरं, चार पॉइंट.’

‘चार नसतो गं. तीन की पाच?’

‘पाच लिही. पण लागणार चार दिवसच.’

तो समाधानाने पाच लिहितो.

घरीही तेच. बायकोने गिरणीचा डबा पुढे ठेवला की म्हणतो, ‘या स्प्रिंटमध्ये नाही बसत.’

‘स्प्रिंट कधी संपतो?’

‘दोन आठवड्यांनी.’

‘पीठ आज संपतंय.’

हा प्रॉडक्शन इश्यू. मग तो निमूट उठतो.

पगारवाढ, बढती, यातलं काहीही त्याच्या हातात नाही. तरी टेस्टिंगचा सर्व्हर बसला की इन्फ्रावाल्यांचं डोकं खाऊन तो उठवणारा हाच. क्लायंटने शुक्रवारी रात्रीच्या कॉलवर ‘एक छोटासा बदल’ सरकवला की ‘पुढच्या स्प्रिंटला बघू’ असं गोड हसून सांगणाराही हाच. टीमला यातलं काही दिसत नाही. टीमला मार्कर दिसतो.

मध्यंतरी भावाच्या लग्नासाठी तो पंधरवडाभर रजेवर गेला. टीमने रोजचा स्टँड-अप सात-आठ मिनिटांत उरकला. स्प्रिंटचं सगळं काम वेळेत झालं, पुढे ढकलायला काहीच उरलं नाही. क्लायंट खूश. परत आल्यावर हे त्याला सांगायचं कसं, या काळजीत सगळे होते. पण ऐकताच गडी आनंदाने उडालाच. टीमने आपली आपण चालावं, हेच तर स्क्रममध्ये सांगितलंय!

अप्रेझलच्या पहिल्याच स्लाइडवर त्याने मोठ्या अक्षरांत लिहिलं : ‘माझी टीम आता माझ्याशिवाय उत्तम चालते.’

वरच्या साहेबांना हे इतकं आवडलं, की त्यांनी त्याला आणखी दोन टीम दिल्या.