चार्ल्सटन बघा, सव्हॅनात बसा

अटलांटाला किंवा शार्लटला मुलांकडे आलेल्या मराठी आईबाबांच्या घरात मार्च लागला की एक वाद हमखास होतो. चार दिवसांची सुट्टी आहे, गाडी आहे, जायचं कुठे? चार्ल्सटन की सव्हॅना? पहिलं साउथ कॅरोलिनात, दुसरं जॉर्जियात, मध्ये जेमतेम 170 किलोमीटर. 2020च्या जनगणनेत चार्ल्सटनची लोकसंख्या दीड लाख, सव्हॅनाची त्याहून अडीच हजारांनी कमी. दोन्हीकडे जुनी घरं, घोडागाड्या, कोळंबी आणि दमट हवा. ‘दोन्ही सारखीच हो’ असं म्हणणाऱ्याने दोन्ही गावं गाडीच्या काचेतून पाहिलेली असतात.

माझं मत आधीच सांगते. बघायला चार्ल्सटन. राहायला सव्हॅना.

चौकापासून सुरुवात करू. आपल्याकडे चौक म्हटलं की सिग्नल, हॉर्न आणि मधोमध पुतळा. जेम्स ओगलथॉर्पने 1733 साली सव्हॅना आखलं तेव्हा घरांच्या प्रत्येक समूहाच्या मध्यावर एक मोकळा चौक ठेवला. पुढे गाव वाढलं तसे चौकही वाढले. एकूण 24 झाले, त्यातले 22 आज आहेत. बहुतेक चौकांत लाइव्ह ओकची ऐसपैस पसरलेली झाडं, त्यांच्यावरून लोंबणारं करडं स्पॅनिश मॉस (ते स्पॅनिशही नाही आणि शेवाळही नाही, अननसाच्या कुळातली वनस्पती आहे) आणि खाली बाकं. गाड्यांना चौकाला वळसा घालावा लागतो, त्यामुळे त्या सावकाश जातात. तीनशे वर्षांपूर्वीच्या आखणीने आजच्या मोटारीला शिस्त लावली आहे.

माझी आई 74 वर्षांची, दोन्ही गुडघे दुखरे. नदीकाठच्या बाजूने निघून बुल स्ट्रीटने फोर्साइथ पार्कपर्यंत ती चालत गेली. अंतर दीडेक किलोमीटर, वाटेत पाच चौक. दर चौकात बसली. एकदाही कुणी ‘काय घेणार?’ म्हणून विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी चार्ल्सटनमध्ये ती अर्ध्या तासात थकली. तिथे ‘बॅटरी’ नावाच्या भागातली बाग आहे, वॉटरफ्रंट पार्क आहे, पण ती पाण्याच्या कडेला. मधल्या गल्ल्यांत बागा दिसतात त्या लोखंडी फाटकांपलीकडे, दुसऱ्याच्या. टेकायचं तर कॉफी विकत घ्या.

घरं मात्र अशी की मान मोडेपर्यंत बघावीत. चार्ल्सटनचं खास घर एका खोलीएवढं रुंद. त्याची अरुंद बाजू रस्त्याला आणि लांब बाजूला दुमजली पडवी. रस्त्यावरचं दार उघडलं की आपण घरात जात नाही, पडवीत जातो. वारा पकडायची ही युक्ती कोकणातल्या माणसाला लगेच कळेल. ही घरं टिकली कारण गावाने 1931 सालीच जुन्या वस्तीसाठी कायदा केला. अमेरिकेतला तो तसला पहिला. त्याबद्दल चार्ल्सटनचं मनापासून कौतुक. पण हा कायदा भिंती, खिडक्या आणि रंग बघतो. भाडं बघत नाही. जुनं चार्ल्सटन ज्या द्वीपकल्पावर आहे तिथे एकेकाळी बहुसंख्येने राहणारी कृष्णवर्णीय कुटुंबं किमती वाढत गेल्या तशी बाहेर पडली. घर वाचवलं आणि शेजार घालवला, याला जतन म्हणायला मी तयार नाही.

सव्हॅनाचा गुन्हा वेगळा आणि जास्त ढोबळ. 1954 साली त्यांनी एलिस स्क्वेअरमधली जुनी मंडई पाडली आणि तिथे गाड्या ठेवायची इमारत उभी केली. पुण्याच्या महात्मा फुले मंडईचं असं झालेलं डोळ्यांपुढे आणा. पुढच्याच वर्षी कोलंबिया स्क्वेअरजवळचं डेव्हनपोर्ट हाउस पाडायला निघाले, तेही पार्किंगसाठीच. तेव्हा गावातल्या सात बायका पुढे झाल्या, त्यांनी पैसे जमवून ते घर विकत घेतलं आणि एक संस्था काढली. सव्हॅनातलं जुनं गाव आज दिसतं ते त्या संस्थेमुळे. पार्किंगची इमारतही अखेर पाडली गेली. 2010 साली एलिस स्क्वेअर पुन्हा खुला झाला, गाड्या जमिनीखाली गेल्या. चूक दुरुस्त करायला 56 वर्षं लागली, पण केली. आपल्या किती नगरपालिकांनी घालवलेली एखादी मोकळी जागा परत दिली आहे?

आता पाणी. घर घेण्याचा विचार असेल तर हा परिच्छेद दोनदा वाचा. चार्ल्सटन ॲशली आणि कूपर या दोन नद्यांच्या मधल्या सखल जिभेवर आहे आणि त्यातला बराच भाग खाड्या बुजवून तयार केलेला. मोठ्या भरतीला, आभाळ स्वच्छ असतानाही, मार्केट स्ट्रीटसारख्या रस्त्यांवर पाणी चढतं. सव्हॅनाचं जुनं गाव नदीपासून सुमारे 40 फूट उंच कड्यावर आहे. त्याचा समुद्रकिनारा, टायबी बेट, याला तो दिलासा नाही. तिकडे जाणारा रस्ता मोठ्या भरतीत बुडतो. वादळाचा धोका दोघांनाही आहे. पण रोजच्या भरतीचं वेळापत्रक बघून गाडी बाहेर काढायची की नाही हे ठरवावं लागणं म्हणजे काय, ते मुंबईकराला सांगायला नको.

पोटापाण्याचं थोडक्यात. चार्ल्सटनच्या शेजारी बोइंगचा 787 विमानांचा कारखाना, सव्हॅनात गल्फस्ट्रीमचं मुख्यालय आणि देशातल्या सर्वांत मोठ्या कंटेनर बंदरांपैकी एक. चार्ल्सटनमध्ये घरं बरीच महाग. सव्हॅनातही भाव चढताहेत आणि चौकांची नक्षी संपली की पलीकडे खरी गरिबी आहे. घोडागाडी तिकडे जात नाही. तुम्ही जा.

जेवण दोन्हीकडे उत्तम आणि मुळात एकच. चार्ल्सटनची श्रीमंती भातावर उभी राहिली. भरती नदीचं गोडं पाणी वर ढकलते, तेव्हा बांधातली दारं उघडून ते शेतात घ्यायचं आणि ओहोटीला सोडून द्यायचं. गोव्याचं खाजण पाहिलेल्या माणसाला बांध आणि दारं ओळखीची वाटतील. खाजणात ती खारं पाणी अडवतात, इथे गोडं पाणी आत घेत. हे बांध चिखलात उभं राहून गुलामांनी घातले, आणि त्यांच्यातल्या अनेकांनी भातशेतीचं ज्ञान पश्चिम आफ्रिकेतून आणलं होतं. त्यांचे वंशज म्हणजे गल्ला-गीची लोक. त्यांचा लाल भात खा, भेंडी खा. ‘हॉपिन जॉन’ म्हणजे चवळी-भातच, फक्त त्यात बहुधा डुकराचं मांस असतं, तेव्हा शाकाहारी मंडळींनी आधी विचारावं. हा स्वयंपाक कुणाचा, हे मात्र मेनूवर क्वचितच लिहिलेलं असतं.

तो इतिहास समजून घ्यायला चार्ल्सटन बघायलाच हवं असं मी म्हणते. गुलामांची जहाजं जिथे लागत त्या गॅड्सडेन धक्क्याच्या जागेवर जून 2023 मध्ये आफ्रिकन-अमेरिकन इतिहासाचं संग्रहालय उघडलं. जमिनीला धक्का लागू नये म्हणून सगळी इमारत खांबांवर उचललेली आहे. महापौर जोसेफ रायली यांनी 2000 साली त्याची घोषणा केली होती. महात्मा फुल्यांनी 1873 साली ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या लोकांना. मराठी माणसाचं या धक्क्याशी नातं पर्यटकाचं नाही. मळ्यांवर जाऊन ओकच्या रांगेत सेल्फी काढण्याआधी इथे या.

आणि तरीही. गुलामगिरीचा कट्टर कैवारी जॉन कॅल्हून याचा पुतळा चार्ल्सटनने 2020 साली उतरवला, पण रस्त्याला त्याचं नाव ठेवलं. 17 जून 2015 रोजी ज्या इमॅन्युएल चर्चमध्ये वर्णद्वेष्ट्याने नऊ जणांना गोळ्या घातल्या, ते चर्च याच कॅल्हून स्ट्रीटवर आहे. सव्हॅनात कॅल्हूनच्या नावाचा एक चौक होता. तिथल्या नगरपरिषदेने ते नाव काढलं आणि ऑगस्ट 2023 मध्ये चौकाला सुझी किंग टेलरचं नाव दिलं. ही बाई 1848 साली जॉर्जियात गुलामीत जन्मली. त्याच वर्षी पुण्यात भिडे वाड्यात मुलींची शाळा सुरू झाली. सव्हॅनात गुलामांच्या मुलांना शिकवणं बेकायदा होतं, म्हणून लहानगी सुझी पुस्तकं कागदात गुंडाळून चोरून शाळेत जाई. पुढे अमेरिकेतल्या यादवी युद्धात तिने कृष्णवर्णीय सैनिकांच्या तुकडीत शुश्रूषा केली आणि मुक्त झालेल्यांना लिहायला-वाचायला शिकवलं.

तो चौक ॲबरकॉर्न स्ट्रीटवर आहे, कडेला 1856 सालची मॅसी शाळा. सुझी आठ वर्षांची असताना ही शाळा उघडली ती गोऱ्या मुलांसाठी. मार्च-एप्रिलमध्ये जा, उन्हाळ्यात घाम जीव नको करतो. आईबाबांना घेऊन जा आणि तिथल्या बाकावर अर्धा तास बसा.